डबल बेलचा कोंबडा

२ एप्रिल २००२, मंगळवार. सकाळी ९.१०
निवृत्त होऊन दोन दिवस झाले. निरोप समारंभात मिळालेली डायरी आजपासून वापरात. छत्तीस वर्षं एसटीत काढली. आधी कंडक्टर, नंतर स्टँडवर वाहतूक नियंत्रक. ड्यूटी संपताना रजिस्टरला 'विशेष घटना: निरंक' लिहायची सवय आहे. ती एकदम मोडणं बरं नाही.

जानेवारीतल्या अटॅकनंतर डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चाला, चिडू नका, मन कशात तरी गुंतवा. चालतो. चिडत नाही, कारण तेव्हापासून मला काही वाटतच नाही. डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत आणि बाकीचा मीही साधारण तसाच. निर्मला म्हणते, अवो काहीतरी बोला. काय बोलू?

मन गुंतवायचं तेवढं राहिलंय.

सकाळी परसात तांबड्या कोंबड्याने निर्मलेच्या पोटरीवर चोच मारली. ती ओरडली. मी पाहिलं.
विशेष घटना: निरंक.

३ एप्रिल. सकाळी ७.३०
मन कशात गुंतवायचं ते ठरलं. परसात सात कोंबड्या आणि तीन नर आहेत. कोंबड्या आपलं आपलं बघतात. नर मात्र बायकांच्या अंगावर धावतात, एकमेकांची डोकी फोडतात, आणि सगळं कळंब गाव म्हणतं कोंबडा असाच असतो. असाच नसतो. त्याला कोणी वळण लावलेलं नाही. मी दिवाळीच्या गर्दीत नाशिक गाडीला रांग लावलेला माणूस आहे. ती गाडी शेवटी रद्द झाली, हा भाग वेगळा. रांग लागली होती.

तिघांना नावं दिली. तांबडा तापट, त्याचं नाव जलद. करडा जिथे उभा तिथेच बसतो, तो निमआराम. पांढरा ठिपक्यांचा कुणाच्याही मागे जातो, तो जादा. दिवाळीपर्यंत तिघेही सभ्य, मनमिळाऊ, पाहुण्यांसमोर आणण्याजोगे. मग गावाने येऊन बघावं.

५ एप्रिल. सकाळी ८.००
पद्धत: स्टीलचा पेला आणि चमचा. दोन टोले म्हणजे डबल बेल, गाडी सोडा, खा. एक टोला म्हणजे थांबा. तांदूळ डाव्या तळहातावर. बोटं बधिर असल्याने चोच लागत नाही, म्हणजे या कामाला माझ्याइतका लायक माणूस तालुक्यात नसावा.

निकाल: डबल बेलला साती कोंबड्या आल्या. त्यांना बोलावलं नव्हतं. सिंगल बेलला कोणी थांबलं नाही. निमआराम झोपला होता.
पहिल्या दिवसाच्या मानाने उत्तम.

९ एप्रिल. दुपारी १२.२०
अडचण. निर्मला म्हणाली, त्या तांबड्याच्या नादी लागू नका, म्हसोबाचा हाय त्यो. जानेवारीत मी दवाखान्यात असताना ती नवस बोलली होती, मानूस घरी येऊ दे, आखाडात कोंबडा देते. तेव्हा तो पिल्लू होता. पायात काळा दोरा बांधलाय. मला इतके दिवस वाटत होतं, दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल.

मी म्हणालो, मी इंजेक्शनने बरा झालो. ती म्हणाली, डाक्टरचं डाक्टरला पोचलं, देवाचं ऱ्हायलं.   

तरी आखाडाला तीन महिने आहेत. तोवर असा कोंबडा तयार करतो की म्हसोबाच म्हणेल, राहू द्या याला.

१७ एप्रिल. संध्याकाळी ६.४५
नवी पद्धत. कोंबडा अंगावर आला की मागे सरकायचं नाही, मारायचंही नाही. उचलून काखेत घ्यायचा आणि शांत होईपर्यंत फिरवायचा. माझं चालणंही होतं. आज जलदला हायवेपर्यंत नेऊन आणला. वाटेत सात जणांनी विचारलं, भाऊ, बाजारला का? मी म्हणालो, वळण लावतोय. पुढे कोणी काही विचारलं नाही. लोकांना पटतंय.

शर्टाच्या दोन गुंड्या गेल्या. मनगटावर ओरखडा.

३० एप्रिल. सकाळी १०.००
शेजारच्या झुंबरबाई विरजण मागायला आल्या. जलद पाठीमागून गेला. झुंबरबाई तुळशीच्या कट्ट्यावर चढल्या. पासष्टीच्या मानाने उडी चांगली होती.

चौकशी केली. चूक झुंबरबाईंची. कोंबड्याला पाठ दाखवू नये, हे मी दारावर खडूने लिहिलेलं आहे. त्यांना वाचता येत नाही, ही माझी चूक नव्हे. यापुढे आमच्याकडे येताना आडवं चालत यावं, असं मी त्यांना शांतपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, सावळेरामभाऊ, कोंबडं न्हाई, तुमी बिघडलाय.
अशा शेरेबाजीने मला काही वाटत नाही.

१२ मे, रविवार. दुपारी १.००
वृषाली आणि जावई चाकणहून आले. मुलगी माझ्याकडे फार वेळ बघत बसते, जणू मी कुठेतरी जाणार आहे. विषय बदलायला प्रात्यक्षिक दाखवलं. डबल बेल. जादा धावत आला, तांदूळ खाल्ले, आणि आपल्या मनाने जावयांच्या पायाशी जाऊन बसला. जावयांनी पाठीवरून हात फिरवला तरी हलला नाही. जावई म्हणाले, लई गुणाचा हाय हो.

सहा आठवड्यांच्या मेहनतीचं चीज झालं. निर्मलाही बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

संध्याकाळी ८.००
रस्सा झाला. जावई पहिल्यांदाच मुक्कामाला आहेत, कोंबडा कापणं भाग होतं. निर्मला म्हणाली, करड्या खाटंखाली व्हता, ह्यो आपणहून आला. वृषालीने विचारलं, बाबा, वाईट वाटलं का? नाही वाटलं. दोन भाकरी खाल्ल्या. मीठ जरा कमी होतं.
विशेष घटना: निरंक.

१३ मे. सकाळी ७.००
विचार केला. जादाच्या शिक्षणात दोष नव्हता. दोष असा की तो सगळ्यांशीच चांगला वागला. धोरण बदललं. यापुढे खाणं फक्त माझ्या हातावर, आणि तेही फक्त बेल झाल्यावर. बेल नाही तर समोर पंचपक्वान्नं असली तरी तोंड लावायचं नाही.

२८ मे. सकाळी ८.१५
जलद शिकला! तळहातावर तांदूळ धरून चार मिनिटं उभा राहिलो. त्याने मान लांब केली, एका डोळ्याने तांदूळ, दुसऱ्या डोळ्याने मला बघितलं. मानेची पिसं थरथरत होती. पण टिपले नाहीत. मग टण टण. सगळे दाणे उचलले, बोटाला चोच लागू दिली नाही. मी म्हणालो, शाब्बास.

निर्मला स्वयंपाकघराच्या दारात होती. म्हणाली, जानेवारीपासनं माझ्याशी इतकं बोलला न्हाईत. मी म्हणालो, मी एकच शब्द बोललो. ती म्हणाली, त्येच सांगतेय.
तुलना चुकीची आहे. त्याचं प्रशिक्षण चालू आहे.

१४ जून. दुपारी ४.३०
प्रगतीचा आढावा. निर्मलेवरचे हल्ले आठवड्याला चार होते, ते पाच झाले. पण जोर कमी आहे. आज पदराला लटकला, तोही फक्त गोठ्यापर्यंत. ती हातात खराटा घेऊन परसात जाते, त्यामुळे त्याचा गैरसमज होतो. खराटा सोडून जायला सांगितलं. ती म्हणाली, आखाड येऊ द्या. हे ती हल्ली रोज म्हणते. म्हणताना कोंबड्याकडे न बघता माझ्या छातीकडे बघते.

निमआराम: प्रगती नाही, अधोगतीही नाही. खाटेखाली असतो.

२ जुलै. सकाळी ७.५०
आता काखेत घेतलं की जलद डोळे मिटतो. हायवेपर्यंत जाऊन येतो आम्ही, पाऊस असला तर छत्री घेऊन. लोक विचारायचे थांबलेत. आज एक जण नुसतं म्हणाला, राम राम दोघांना.

एक नोंद. चालताना त्याच्या छातीची धडधड डाव्या हाताला लागते. त्याच दोन बोटांना. बधिर बोटांना हे कसं कळतं, डॉक्टरांना विचारायला हवं. गेल्या मंगळवारी तपासणी होती. विचारलं नाही.

१६ जुलै, मंगळवार. दुपारी ४.१०
आखाड लागला. म्हसोबाचं सगळं गेणभाऊ बघतात. निर्मलेने त्यांना घरी बोलावलं. दिवस ठरला, ६ ऑगस्ट, आखाडातला शेवटचा मंगळवार. मी विरोध करायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात गेणभाऊंनी रीत सांगितली आणि मी ते मिटलं.

रीत अशी. देवाला विचारल्याशिवाय सुरी लावायची नाही. ज्याच्यासाठी नवस, त्यानंच तळहातावर तांदूळ धरायचे. कोंबड्याने टिपले तर देवाला मान्य. तीनदा धरूनही टिपले नाहीत तर देवाला नको. गेणभाऊ म्हणाले, मंग परत घरला न्यायचं. नवस फिटला तो फिटलाच. साळुबाईचा गेल्या वर्षी माघारी आला, आजून बांग देतोय.

मी दोनदा विचारून घेतलं. तळहात माझाच ना? ते म्हणाले, तुमचाच, दुसऱ्या कुणाचा चालत न्हाई.

मी लगेच होकार दिला. म्हणालो, देवाचं देवाला दिलंच पाहिजे. निर्मलेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, मी म्हसोबाला मानलं. मी खुलासा केला नाही. बेल नाही तर खाणं नाही, हे तिघांनाच माहीत आहे, मी, जलद आणि निमआराम.

आनंद वगैरे झाला असं नाही. पण दुपारी झोप लागली नाही.

२४ जुलै. सकाळी ९.००
रंगीत तालीम. बेल न वाजवता तळहात पुढे. अकरा वेळा धरला, अकरा वेळा तांदूळ टिपले नाहीत. मुद्दाम आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवला होता. वाईट... लिहीत नाही. हे त्याच्याच भल्यासाठी आहे.

३ ऑगस्ट. संध्याकाळी ५.३०
आयुष्यभर गाड्या सोडल्यामुळे मी शेवटच्या क्षणाच्या अडचणी आधी बघतो. म्हसोबापाशी कुठून आवाज येऊ शकेल त्याचा विचार करून ठेवलाय. पेला आणि चमचा घरीच राहणार. सायकलवाल्यांना ओढ्याच्या अलीकडे थांबवणार. झुंबरबाईंना सांगितलं, येताना भांडी नकोत. त्या म्हणाल्या, मी कशाला भांडी आणू देवाला? कुल्फीवाला पावसाळ्यात येत नाही. शाळेची घंटा तिथवर ऐकू येत नाही, काल जाऊन ऐकली. नाही आली.
काही सुटलेलं नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ७.४०
जलदला आंघोळ घातली. आवडली नाही, पण चावला नाही. चार महिन्यांपूर्वीचा कोंबडा आणि आजचा. वृषाली काल संध्याकाळीच आलीय. निर्मला नवं लुगडं नेसलीय. घरात तिचा चेहरा इतका मोकळा मी जानेवारीपासून बघितला नव्हता. दुपारी कोंबडा परत आलेला बघून थोडी हिरमुसेल. पण नवस फिटलेला असेल, मी जिवंत असेन, कोंबडाही. सगळ्यांच्या सोयीचं नियोजन आहे.

निघतो. वेळेवर.

दुपारी ३.१०
जसं घडलं तसं लिहितो.

गावाच्या कडेला लिंबाखाली म्हसोबाचा शेंदरी दगड आहे. गेणभाऊंनी जलदच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. मी तळहात पुढे केला. जलदने तांदळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. टिपले नाहीत. दुसऱ्यांदा धरला. मान लांब केली, पिसं थरथरली. टिपले नाहीत. लोक कुजबुजायला लागले. गेणभाऊ म्हणाले, पुढ्यात तांदूळ आन् तोंड लावंना, असं कोंबडं मी जन्मात बघितलं न्हाई.

माझी छाती भरून आली. सरळच लिहितो, अभिमान वाटला. जानेवारीनंतर पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं.

तिसऱ्यांदा धरला. आता एवढंच संपलं की परत घरी. तेवढ्यात निर्मला पुढे झाली. तोंड पांढरं पडलं होतं. देव कोंबडा घेत नाही म्हणजे नवराही माघारी देत नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं असणार. ती पुटपुटली, घे रं बाबा, पदरात घे. आणि डोळे मिटून तिने लिंबाच्या फांदीला टांगलेली घंटा वाजवली. दोनदा.

देवापाशी घंटा असते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

जलदने तांदूळ खाल्ले. सगळे. एकही खाली सांडला नाही, बोटाला चोच लागली नाही. खाऊन झाल्यावर मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, शाब्बास.

लोकांनी चांगभलं केलं. गेणभाऊ म्हणाले, मागून मागून घेतलं देवानं.

बेल झाल्यावर तो खाईपर्यंत मला हात मागे घेता आला असता. वेळ होता. पण समोर निर्मला डोळे मिटून उभी होती, तिचे ओठ हलत होते, आणि त्यात माझं नाव होतं. हात तसाच राहिला.

संध्याकाळी ७.४५
रस्सा. मला पहिलं वाढलं. घास घेतला, खाली उतरेना. पानावरून उठलो. वृषालीने विचारलं नाही, मीच सांगितलं. वाईट वाटतंय. लई वाईट वाटतंय. परसात जाऊन खुराड्यापाशी बसलो आणि रडलो. निर्मला मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, रडा, सहा म्हैनं झालं वाट बघतेय मी. मग ती पण बसली.
पेला आणि चमचा कोनाड्यात ठेवलेत.

७ ऑगस्ट. दुपारी ४.००
बांग झाली नाही म्हणून उशिरा उठलो. डबल बेल कोणी वाजवली नाही तरी कोंबड्या आल्या. छातीत दुखायला लागलं. निर्मला आणि वृषालीने मंचरला दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, काही मनाला लावून घेतलंय का? मी म्हणालो, नाही. निर्मला म्हणाली, व्हय.

परतीच्या एसटीत तिने माझा डावा हात धरून ठेवला होता. छत्तीस वर्षांत मी एसटीत बायकोचा हात धरलेला नाही. बरं वाटलं. म्हणालो, आता नवस संपला, सुटलो.  ती म्हणाली, मगाशी आत तुमचा कागद काढत व्हते ना, तवा मी बोलून गेले म्हसोबाला. कागद चांगला येऊ दे, दसरा झाल्यावर करड्या देते.
कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी निघाली.

८ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ८.३०
नवी योजना. चुका लक्षात आल्यात. जलदला वळण लावलं, तेच नडलं. निमआरामला बिघडवायचं. दसऱ्यापर्यंत असा उर्मट, भांडखोर, हात पुढे केला की लचका तोडणारा कोंबडा तयार करतो की तांदळाकडे तो बघणारसुद्धा नाही. माझ्या अनुभवाच्या माणसाला दोन महिने भरपूर झाले.

पहिला धडा, राग. खाटेखालून बाहेर ओढला. त्याच्या अंगावर धावून गेलो, हातवारे केले, ओरडलो. झुंबरबाई कुंपणावरून बघत होत्या. निमआरामने माझ्याकडे बघितलं आणि माझ्याच पायावर बसला. दम देण्यासाठी उचलला. त्याने काखेत डोकं खुपसलं आणि डोळे मिटले. डाव्या हाताच्या दोन बोटांना तो गरम लागत होता.

निर्मला दारात उभी होती. म्हणाली, ह्यो तर त्याच्यापरीस लई गुणाचा निघाला.

मी म्हणालो, हळू बोल, झोपलाय.

उद्यापासून कडक धोरण.